काठाचा चिखल राहू द्या

तलावांच्या सुशोभीकरणाचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांना, वास्तुरचनाकारांना आणि सल्लागारांना खुले पत्र

शाहूपुरी, कोल्हापूर
पक्षी सप्ताह, नोव्हेंबर

आदरणीय मंडळी,



मी शाहूपुरीत राहतो. थंडीच्या दिवसांत पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव किंवा गावाबाहेरचे एखादे बिननावाचे तळे गाठायचे, हा माझा जुना शिरस्ता. आपल्यापैकी कोणाशी माझी ओळख नाही. हे पत्र एका व्यक्तीला, एका कार्यालयाला किंवा एका कंपनीला उद्देशून लिहिलेले नाही. तळ्यांचे भवितव्य ज्यांच्या टेबलावरच्या नकाशात ठरते, त्या सगळ्या व्यवसायाशी मला बोलायचे आहे.

निमित्त झाले एका सादरीकरणाचे. एका तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा नागरिकांना दाखवायला ठेवला होता, म्हणून गेलो. पडद्यावर संगणकावर काढलेले देखणे चित्र होते. चहूबाजूंनी उभी दगडी भिंत, तिच्यावर रेलिंग, रेलिंगला लागून पेव्हिंग ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, त्यापलीकडे लॉन, बोटिंगचा धक्का, रंगीत कारंजे आणि थोड्या थोड्या अंतरावर उंच दिवे. पाण्यात चार पांढरे राजहंस. तसले राजहंस कोल्हापूरच्या तळ्यांवर येत नाहीत. जे दर वर्षी येतात, त्या थापट्यांना, तुताऱ्यांना, पाणलाव्यांना त्या चित्रात पाय टेकायला जागा नव्हती. मी पक्ष्यांचे विचारले. उत्तर मिळाले, की मधोमध एक बेट ठेवले आहे आणि झाडांवर कृत्रिम घरटीही लावणार आहोत.

उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ते उत्तर मनाला लागले. हिवाळ्यात येणारी ही बदके आणि चिखलपक्षी इथे घरटी करत नाहीत. त्यांचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात, सायबेरियात, कझाकस्तानच्या गवताळ पाणथळीत, काहींचा लडाख-तिबेटच्या सरोवरांवर. इकडे ते येतात खाण्यासाठी, परतीच्या उड्डाणाला लागणारी चरबी अंगावर चढवण्यासाठी. आणि त्यांचे ताट वाढलेले असते ते तळ्याच्या काठावर, घोटाभर पाण्यात आणि ओल्या चिखलात. सुशोभीकरणात सगळ्यात आधी नाहीसा होतो तो नेमका हाच पट्टा. नाल्याचे पाणी सोडणारे आणि तळे बुजवून प्लॉट पाडणारे निदान तळ्याचे शत्रू म्हणून ओळखू येतात. आपण तळ्यावर प्रेम करून, कोट्यवधी रुपये खर्चून तेच नुकसान करता, आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात. माझी मुख्य तक्रार ही आहे.

या चिखलात असते तरी काय, ते जवळून सांगतो. ऑक्टोबर सरता सरता पाणी थोडे मागे हटते आणि काठाला काळसर, चकचकीत चिखल उघडा पडतो. लांबून तो घाण वाटतो. दुर्बिणीतून पाहिले की त्यावर बारीक बारीक भोके दिसतात. त्या भोकांखाली किड्यांच्या तांबड्या अळ्या, गांडुळासारखे कृमी, चिमुकल्या गोगलगाई यांची दाटी असते. ठिपकेवाली तुतारी त्याच्या कडेने तुरुतुरु चालते, शेपटीकडचा भाग वरखाली हलवत टोच मारते आणि दर दोन-तीन टोचांना काहीतरी गिळते. हा पक्षी साठ-सत्तर ग्रॅमचा. उत्तरेकडच्या दलदलीत अंडी घालतो आणि हजारो किलोमीटर उडून आपल्या तळ्याच्या हातभर रुंदीच्या चिखलावर उतरतो. थोडे आत, लव्हाळ्याच्या बुडाशी पाणलावा दबा धरून बसलेला असतो. गवताच्या काड्यांचेच पट्टे अंगावर असल्याने तो हलला नाही तर चार हातांवरूनही दिसत नाही. त्याची चोच सहा-सात सेंटिमीटर लांब. ती मुळापर्यंत चिखलात खुपसून, बाकी चोच मिटलेली ठेवून तो फक्त तिचे टोक उघडतो आणि आतल्या आतच अळी पकडतो. टोकाला स्पर्शाची जाणीव इतकी तीव्र असते, की भक्ष्य डोळ्यांनी दिसण्याची त्याला गरज पडत नाही. मात्र चिखल मऊ लागतो. वाळून कडक झालेल्या, मुरूम टाकलेल्या किंवा दगड बसवलेल्या काठावर ती चोच निरुपयोगी ठरते.

नोव्हेंबरात थापटे येतात. रुंद, पुढे पसरट चोचीचे हे बदक. चोचीच्या दोन्ही कडांना बारीक दात्यांच्या ओळी असतात. त्यांचा थवा उथळ पाण्यात एकामागे एक गोल गोल फिरतो. पायांनी तळ ढवळला जातो, वर आलेले सूक्ष्म जीव मागचे बदक चोचीने गाळून घेते आणि त्याच्या मागचेही तेच करते. सकाळच्या उन्हात हा फेर मी कित्येकदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी पाहतच राहिलो आहे. त्यांच्यातच डोळ्यावर ठसठशीत पांढरी रेघ असलेले भुवई बदक असते, कधी लांब शेपटीचे तलवार बदक असते. हे सगळे बुडी न मारता खाणारे. डोके खाली, शेपूट वर करून मान पोचेल तिथपर्यंतच त्यांचे जेवण. पाणी पुरुषभर खोल असेल तर तळाशी कितीही अन्न असले तरी त्यांच्यासाठी ते नसल्यासारखेच.

एकाच तळ्यावर इतके निरनिराळे पक्षी राहू शकतात, कारण त्यांनी खोली वाटून घेतलेली असते. ओल्या जमिनीवर टिटवी आणि कंठेरी चिखल्या, बोटभर पाण्यात तुताऱ्या, वीतभर पाण्यात लाल पायांचा शेकाट्या, हातभर पाण्यात थापटे. त्यापुढे वारकरी आणि टिबुकली, आणि खोल पाण्यात पाणकावळे. काठ उभा केला की पहिल्या चौघांना आपण हाकलून देतो. उरतात पाणकावळे आणि काही वारकरी. मग लोक म्हणतात, पूर्वी इथे किती पक्षी यायचे, आता येत नाहीत, हवामान बदलले असेल.

आपल्या भाषेत सांगायचे, तर हा सारा उताराचा प्रश्न आहे. दगडी पिचिंगचा उतार एकास दोन धरू. पंधरा सेंटिमीटरपर्यंतच्या उथळ पाण्याला काठालगत किती जागा मिळते? तीस सेंटिमीटर. म्हणजे एक किलोमीटर काठाला ३०० चौरस मीटर, आणि तीही दगडावर. तोच उतार एकास वीस ठेवला तर उथळ पाण्याचा पट्टा तीन मीटर रुंद होतो आणि किलोमीटरमागे ३,००० चौरस मीटर जागा मिळते. हिवाळ्यात पाणी एक फूट उतरले, तर अशा काठावर सहा मीटर रुंदीचा चिखल उघडा पडतो. उभ्या भिंतीपाशी काहीच पडत नाही, फक्त भिंतीवर एक काळी रेघ उमटते. हा हिशेब मांडायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. आपल्यापैकी कोणीही तो दोन मिनिटांत करू शकतो. म्हणूनच आराखड्यांमागून आराखड्यांत तोच एक आडवा छेद का उमटतो, हे मला समजत नाही. तळे कोल्हापूरचे असो, सांगलीचे असो की विदर्भातले, भिंत तीच, ट्रॅक तोच, कारंजेही तेच.

काठ ढासळतो, माती घसरते, म्हणून पिचिंग करावे लागते, हे मला मान्य आहे. जिथे धरणाचा बांध आहे, सांडवा आहे, रस्ता अगदी लगत आहे, तिथे दगड हवाच. कळंब्याच्या बांधावर कोणी चिखल मागणार नाही. पण बांध एका बाजूला असतो. ज्या बाजूने ओढे येऊन मिळतात, ती शेपटीकडची बाजू जवळजवळ नेहमीच सपाट आणि उथळ असते, आणि पक्षीही तिथेच असतात. त्या बाजूला मातीचा सौम्य उतार, त्यावर पाणकणीस, लव्हाळा आणि देवनळ असू द्यावा. मुळांनी माती धरली जाते, बाहेरून येणारा गाळ अडतो आणि पाण्यातले थोडे खतही शोषले जाते. यासाठी वेगळा निधी लागत नाही. उलट तेवढ्या लांबीचा दगड वाचतो.

इथे केंदाळाचा विषय काढलाच पाहिजे. रंकाळ्याने केंदाळाचा त्रास वर्षानुवर्षे सोसला आहे. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे, ती काढलीच पाहिजे, आणि ज्या सांडपाण्यावर ती पोसते ते पाणी अडवल्याशिवाय ती जाणार नाही, हेही आता शेंबडे पोर सांगेल. पण केंदाळ काढायच्या निविदेत पाणकणीस, कमळ आणि काठचे गवतही ‘वनस्पती’ या एका शब्दाखाली येते आणि पोकलेन सगळेच उपसून नेते. कमळपक्षी पाण्यावर पसरलेल्या पानांवरून चालतो आणि त्याच पानांवर पावसाळ्यात अंडी घालतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचे कोंब खाते आणि त्यातच घरटे करते. केंदाळ काढा आणि देशी गवत ठेवा, एवढी एक ओळ निविदेत घातली तर मोठा अनर्थ टळेल.

गाळाबद्दलही असेच. २०१६च्या दुष्काळी उन्हाळ्यात कळंबा आटला आणि गाळ काढण्याची हाक उठली. तेव्हा पाण्याची चणचण होती आणि ती हाक योग्यच होती. साठा वाढवायचा तर मधला गाळ काढावा लागतो. पण सगळे तळे एकाच खोलीचे केले, काठापासून काठापर्यंत खरवडून काढले, तर पाणी वाढते आणि तळ्यातले जीवन घटते. निघालेल्या चांगल्या गाळाचा काही भाग शेपटीकडच्या कोपऱ्यात सपाट पसरून ठेवला, तर उथळ पट्टा आपोआप तयार होईल. पाणथळींच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून २०२० मध्ये जे जाहीर झाले, ते नांदूर मध्यमेश्वर अशा गाळातूनच उभे राहिले आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या मागे वर्षानुवर्षे गाळ साठला, त्याची बेटे झाली, त्यावर गवत आले आणि हजारो पक्षी आले. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने तो बंधाऱ्याचा दोष होता. आज त्याच गाळाला जगाच्या यादीत स्थान आहे. उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला आपण सहकुटुंब जात असाल. ते रोहितही पाणी मागे हटून उघड्या पडलेल्या उथळ फुगवट्यावरच येतात.

आपल्या व्यवसायाने हे काम उत्तम करून दाखवले आहे, हेही नमूद करतो. लंडनमध्ये थेम्सच्या काठी व्हिक्टोरियन काळातले पिण्याच्या पाण्याचे चार जलाशय निकामी झाले होते. ते मोडून तिथे सुमारे ४० हेक्टरांची पाणथळ घडवली गेली आणि २००० मध्ये ती लोकांना खुली झाली. उथळ खाचरे, चिखलाचे पट्टे, बोरूची बेटे, पाण्याची पातळी हंगामानुसार वरखाली करण्याची दारे, आणि माणसांसाठी आडोशाच्या झोपड्या. ते नकाशे अभियंत्यांनीच काढले. महानगराच्या मध्यात लोक तिकीट काढून तिथे चिखल पाहायला जातात. आमच्याकडे तो चिखल फुकट आहे, शतकभराचा तयार आहे, आणि आम्ही तो पैसे देऊन काढून टाकतो.

आता बाकीच्या मागण्या थोडक्यात मांडतो.

वॉकिंग ट्रॅक तळ्याला पूर्ण वेढा घालणारा नसावा. माणसांनी फिरायला यावे, त्याला माझा विरोध नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर पाय मोकळे करून भेळ खाल्ल्याशिवाय कोल्हापूरकराचा दिवस पुरा होत नाही, आणि मीही त्यातलाच. पण रंकाळ्यावरही संध्यामठाकडची शांतता आणि चौपाटीची वर्दळ वेगळी आहे, आणि पक्ष्यांना तो फरक कळतो. चारही बाजूंनी माणसांची रांग सतत फिरत असेल, तर उठलेल्या थव्याला दुसऱ्या काठावर बसता येत नाही. तो दोन-तीन घिरट्या घालतो आणि निघून जातो. प्रत्येक उड्डाणात त्याची साठवलेली चरबी खर्च होते. एक काठ, निदान एक तृतीयांश काठ, वाटेविना ठेवावा.

दिवे. रात्री खाणारे पक्षी पुष्कळ आहेत. पाणलावा, कितीतरी बदके, रात-बगळा यांचा दिवस आपण झोपल्यावर सुरू होतो. हायमास्टचा पांढरा झोत रात्रभर पाण्यावर पडला, की त्यांच्यासाठी ती जागा संपली. दिव्याला वरून झाकण असावे, प्रकाश वाटेवर पडावा, पाण्यावर पडू नये, आणि रात्री अकरानंतर तो विझावा. लेझर शो आणि मोठ्या आवाजाचे कारंजे हिवाळ्यात तरी नकोत.

वृक्षारोपणाबद्दल मी बोललो की लोकांना आश्चर्य वाटते, पण ते बोलले पाहिजे. चिखलपक्ष्यांना मोकळी जागा लागते. आसपास दाट झाडी असली तर शिक्रा किंवा ससाणा कुठून येईल ते दिसत नाही, म्हणून ते तिथे उतरतच नाहीत. पाणथळीच्या काठच्या उघड्या गवताळ जागेवर खड्डे खणून रोपे लावणे हे त्या जागेचे संवर्धन ठरत नाही. झाडे बाहेरच्या कडेला लावा, देशी लावा, आणि पाण्यात उभी असलेली वाळकी झाडे तोडू नका. त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवतात आणि खंड्या बसतो.

कामाचे वेळापत्रक हा मुद्दा मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो. सप्टेंबरात गणपती उठता उठता शाहूपुरीच्या गच्च्यांवर धोबी पक्षी दिसू लागतो. तो पहिला पाहुणा. तुताऱ्या त्याच्या आगेमागे येतात, बदके नोव्हेंबरात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत सगळे परत फिरतात. तळ्यांची कामे मात्र मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून डिसेंबरपासून मार्चपर्यंत धूमधडाक्यात चालतात. जेसीबी, डंपर, जनरेटर, मजुरांच्या झोपड्या, सगळे त्याच काठावर आणि त्याच महिन्यांत. जून ते सप्टेंबरात स्थानिक पक्ष्यांची घरटी असतात, म्हणून तेही दिवस टाळायचे. उरतात एप्रिल आणि मे. पाणीही तेव्हाच कमी असते, गाळही तेव्हाच काढायला सोपा, मातीकामालाही तोच काळ चांगला. टिटवी आणि शेकाट्याची अंडी उघड्या जमिनीवर असू शकतात, तेवढी आधी पाहून खुणा करून घ्यावीत. हे वेळापत्रक आराखड्यातच लिहून टाकले, तर ठेकेदाराला आणि लेखाधिकाऱ्यालाही पुढे अडचण येणार नाही.

यातले सगळे सांडपाणी अडवल्यानंतर येते, हे वेगळे सांगायला नको. तळ्यात मैला येत असताना काठावर काय करावे ही चर्चाच व्यर्थ. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. शेकाट्यांचे थवे घाण पाण्यातही येतात, किंबहुना तिथे ते जास्त दिसतात. त्यांचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून तळे निरोगी असल्याचा दाखला कोणी देऊ नये. किती पक्षी आले यापेक्षा किती जातींचे आले आणि कोणत्या जाती नाहीशा झाल्या, हे पाहावे.

आपण म्हणाल, कायदा आहेच की. पाणथळ जागांचे संवर्धन व व्यवस्थापन नियम २०१७ मध्ये आले. पण त्या नियमांतल्या व्याख्येतून नदीपात्रे, भातखाचरे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. आमच्या भागातली बहुतेक तळी माणसानेच कोणत्या ना कोणत्या कामासाठी बांधलेली. म्हणजे जिथे आमचे पक्षी येतात, त्यातल्या अनेक जागांच्या राखणीला हा कायदा येईलच असे नाही. तिथे आपला नकाशा हाच कायदा ठरतो. म्हणून मी न्यायालयाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

शाहूपुरीचा माणूस यात का पडतो, असेही कोणी विचारील. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. जयंती नाला आमच्या कडेने पंचगंगेकडे जातो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीचे पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. नाल्याचे पाणी उलटे फिरले, व्हीनस कॉर्नर पाण्याखाली गेला आणि कुंभार गल्लीतल्या कारागिरांना ओल्या गणेशमूर्ती उचलून हलवाव्या लागल्या. पाणी कुठे थांबते आणि कुठे थांबायला जागा उरलेली नाही, हे आम्ही घरात उभे राहून पाहिले आहे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, पेटाळ्याचे मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी स्टेडियम उभे राहिले. गांधी मैदानावर आजही पावसाळ्यात तळे साचते. त्या पिढीला मैदाने हवी होती, मंडई हवी होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण जी तळी उरली आहेत, त्यांच्या काठांना भिंती घालून आपण पाण्याची पसरण्याची जागा आणखी आवळतो आहोत. उथळ, पसरट, गवताळ काठ पावसाळ्यात पाणी धरतो आणि हिवाळ्यात पक्षी. पुराची आणि पक्ष्यांची मागणी इथे एकच आहे.

आमच्या बाजूच्या लोकांबद्दलही लिहिले पाहिजे. मोठी लेन्स घेऊन थव्याच्या अंगावर जाणारे, उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळी वाजवणारे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला लव्हाळ्याबाहेर काढणारे छायाचित्रकार वाढले आहेत, आणि ड्रोनही आले आहेत. हे बंद व्हायला हवे, आणि ते आम्हीच बंद केले पाहिजे. आपण आडोशाच्या एक-दोन झोपड्या योग्य जागी बांधून दिल्यात, तर आम्हाला ते सोपे जाईल. उंच मनोरा नको. मनोऱ्यावरचा माणूस पक्ष्यांना साऱ्या तळ्यावरून दिसतो. जमिनीलगतची, बांबूच्या तट्ट्याची, फटीतून पाहायची झोपडी पुरे.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोन पक्षीअभ्यासकांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात २०२० पासून साजरा होतो. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. वनखात्यात नोकरी करता करता कोळी, धीवर, पारधी यांच्याकडून पक्ष्यांची नावे गोळा करून त्यांनी ती मराठीला दिली. तळे कोणाला ठाऊक असते, हे त्यांच्या कामावरून शिकावे. आपल्या सर्वेक्षणात टोटल स्टेशन असते, मातीची तपासणी असते, ड्रोनचे चित्रणही असते. ज्या माणसाने त्या तळ्यावर पन्नास वर्षे जाळे टाकले आहे, म्हशी धुतल्या आहेत, त्याच्याशी बोललेला एक परिच्छेद आराखड्यात असतो का? पाणी कोणत्या महिन्यात कुठवर येते आणि बदके कोणत्या कोपऱ्यात बसतात, हे तो एका दमात सांगेल.

माझी शेवटची विनंती कागदाची आहे. प्रत्येक तलावाच्या प्रकल्प अहवालात एक प्रकरण पक्ष्यांचे असावे, आणि ते कुठल्या तरी दुसऱ्या तळ्याच्या अहवालातून उचललेले नसावे. त्या तळ्यावर सप्टेंबर ते मार्च निदान एक पूर्ण हंगाम नोंद झालेली असावी. कोणते पक्षी, कोणत्या काठावर, किती पाण्यात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. गणनेतल्या नोंदी मिळू शकतात. नसतील तर आम्ही करून देऊ, त्याचे मानधन नको. कोल्हापुरात महाविद्यालयांत शिकणारी कितीतरी मुले-मुली पहाटे सायकलवरून तळ्यांवर जातात आणि वहीत सगळे टिपून ठेवतात. त्यांना विचारणारे कोणी नसते.

येत्या जानेवारीच्या गणनेला आपल्यापैकी कोणी आमच्याबरोबर यावे, असे मनापासून वाटते. सोबत आपला आडवा छेदही घेऊन यावा. थापटे कुठे खातात आणि आपल्या भिंतीची रेघ कुठून जाते, हे काठावर उभे राहून एकमेकांना दाखवू. वाद घालायचा असेल तर तिथेच घालू. मात्र निविदा निघाल्यावर या गोष्टींना उशीर झालेला असतो, म्हणून प्रकल्प अहवाल निविदेआधी, मसुदा असतानाच लोकांसमोर ठेवावा. त्यावर हरकती घ्यायला निदान एक महिना द्यावा, आणि शेपटीकडचा काठ मातीचाच राहील हे त्यात स्पष्ट लिहावे.



आपला,
शाहूपुरीतील एक पक्षीनिरीक्षक